युरोपातले शनिवार

आमच्या वरातीत सगळे नाचले, नवरदेव सोडून. त्याच माणसाला चाळिशीच्या तोंडावर साल्साचं वेड लागलं. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, हाताला कायम मशीनच्या तेलाचा वास, आणि कॉलेज रोडवरच्या एका तळघरात माझा हात धरून गिरक्या घ्यायला लावायचा. वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन. मी शाळेत गणित शिकवते. चार कुठे गेला, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "चारला दम खायचा," तो म्हणाला. घरी सांगितलं होतं, व्यायामाचा क्लास आहे. सासूबाई म्हणायच्या, "व्यायामाला पावडर कशाला लागते गं?" पण त्यापुढे काही विचारत नसत.

मग त्याच्या डोक्यात युरोप शिरला. तिकडे म्हणे दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या शहरात साल्साचा महोत्सव असतो. दिवसा शिकायचं आणि पहाटेपर्यंत नाचायचं. माझी मे महिन्याची सुट्टी, त्याची साठवलेली रजा. रविवारी जेवणं आटोपली की टेबलावर लॅपटॉप उघडायचा. एक शनिवार वॉर्सा, पुढचा प्राग, मग मिलान. मधले वार जिथे स्वस्त तिथे पडून राहायचं आणि मेतकूट-भात खायचा. मी म्हणायचे, "प्रागहून मिलानला अख्खी रात्र बसमध्ये काढून तू काय डोंबल नाचणार?" तो म्हणायचा, "तू फक्त चिवडा किती घ्यायचा ते ठरव." भांडायचो खूप, पण इतकं सुखाचं भांडण मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

एकच गोष्ट मला टोचायची. तिथे दर गाण्याला जोडीदार बदलतो. कुणीही येऊन हात पुढे करतो आणि आपण जायचं, तशी रीतच आहे. "तुला चालेल?" मी विचारलं. "मलाही कुणीतरी मिळेलच की," म्हणून तो हसला. जरा उशिराच हसला.

व्हिसा लागून पासपोर्ट घरी आले आणि त्याच आठवड्यात पाळीवर असताना छातीत कळ येऊन तो गेला. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

दहावा गंगेवर केला. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पिंड मांडला आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघू लागले. कावळे होते, नाहीत असं नाही. झाडावर होते, पायऱ्यांवर होते, शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तर तुटून पडत होते. आमच्याकडे एकही फिरकेना. "काहीतरी इच्छा राहिलीय," कुणीतरी म्हणालं. झालं, शब्द द्यायला सुरुवात. चुलतसासरे हात जोडून म्हणाले, "आईकडं बघू आम्ही." कावळा ढिम्म. मामा म्हणाले, "वरच्या खोलीचं बांधकाम पुरं करू." नाही. उन्हं वर आली. गुरुजी म्हणाले, अजून थोडं बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवू. ते ऐकून सासूबाईंनी हंबरडाच फोडला. पोराचा जीव अडकून राहिला, असं त्यांना जन्मभर वाटणार होतं.

मामी मला म्हणाल्या, "तू बोल गं. त्याचं काय राहिलंय ते तुलाच ठाऊक."

ठाऊक होतंच मला. सगळ्या घाटावर फक्त मलाच ठाऊक होतं, असं तेव्हा वाटत होतं. पण काय म्हणू? नवऱ्याला जाऊन दहावा दिवस, डोक्यावर पदर, आणि अख्ख्या भावकीसमोर म्हणू, की मी वॉर्साला जाईन आणि नाचेन? तरी मी पुढे झाले. शपथेवर सांगते, मी हात जोडले होते आणि "मी" एवढा शब्द तोंडातून निघाला होता.

तेवढ्यात धाकटा दीर रडत पुढे आला. तो नांदगावला असतो, दुकान आहे त्याचं, मनानं लोण्यासारखा. म्हणाला, "दादा, वैनीची काळजी करू नको. वैनी हे घर सोडून कुठं जायच्या नाय. आम्ही जाऊच देनार नाय त्यांना."

आणि मेला कावळा सपकन खाली आला.

"शिवला! शिवला!" सगळ्यांचे चेहरे उजळले. सासूबाईंनी माझ्या गळ्यात पडून हुंदके दिले. दिराने माझ्या पायांना हात लावला. कुणाचंच काही वाईट नव्हतं हो मनात. हेच तर दुखणं आहे. एकजण जरी दुष्ट असता, तर मी भांडले असते.

एप्रिलमध्ये मी विषय काढून बघितला, एकटीच जाऊन येते म्हटलं. दीर फोनवर हळूच म्हणाला, "वैनी, दादानं शब्द घेतलाय." वर्गातल्या मुलांना मी पुराव्याशिवाय उत्तर मान्य करू देत नाही. शेजारच्या पिंडावरची भजी संपली म्हणून तो कावळा आमच्याकडे वळला, हे मला कळतं. पण मनाच्या तळाशी मी तो कौल मानलाय. त्याला खरंच नको असेल का, मी परक्यांचे हात धरलेले? मला त्याचा भयंकर राग येतो. मेलेल्या माणसाशी असं भांडण फार वाईट, ते मिटतच नाही.

मी गेले नाही. जो शनिवार वॉर्साचा ठरला होता, त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. माझं चित्त ताटात नव्हतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगूनच टाकलं. "आई, आज आम्ही तिकडे नाचायला जाणार होतो. ते राहिलं होतं त्याचं."

त्यांनी मान वर केली नाही. भात कालवत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. त्यानंच सांगितलं होतं मला."

"मग घाटावर बोलला का नाहीत?"

"बोलले असते आणि तेव्हाच शिवला असता तर?" त्या म्हणाल्या. "तू गेली असतीस. तिकडून परत आली नसतीस तर मी कुणाकडं बघायचं होतं?"

मी ताटावरून उठले. डोकं इतकं फिरलं होतं की हात न धुताच दारापर्यंत गेले, कडीही काढली. मागे वळून पाहिलं तर त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला होता. मी जेवले नाही की त्याही जेवत नाहीत. मी कडी लावली आणि पानावर येऊन बसले.