लाल झेंडा आणि भोईरकाकांचा फोर्कलिफ्ट

आमच्या कंपनीचा कारखाना आनंदनगर एमआयडीसीत, आणि गोडाऊन रस्त्याच्या पलीकडे. मधून भरधाव हायवे! फोर्कलिफ्ट माल घेऊन रस्ता ओलांडतो, तोवर मी लाल झेंडा धरून ट्रॅफिक अडवायचं. असं काम केलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. तेच ब्रेक मारून समोर उभे राहतात!

माझा पहिला दिवस. सेफ्टीच्या कांबळे मॅडमनी बजावलेलं, "झेंडा उंच धरा, घाबरू नका." मी हात ताणून उभा. एक रिक्षावाला करकचून थांबला. मी खूश! त्याने मान बाहेर काढली, "भाऊ, मोर्चा किधर जा रहा है?"

*

फोर्कलिफ्ट चालवतात भोईरकाका, पालेगावचे. घरी ट्रॅक्टर. एकदा रजा टाकून पेंढ्याची ट्रॉली घेऊन ते गेटसमोरूनच निघाले. मॅडमनी अडवलं.

"काका, मागचा रिफ्लेक्टर कुठेय?"

"हाय ना, पेंढ्याच्या आत. एकदम सेफ!"

मॅडमनी पेंढा उपसायला लावला. पाऊण तास गेला. रिफ्लेक्टर खरंच होता!

*

झेंडे फाटले म्हणून उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून नवे मागवले. उघडून बघतो तर प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरात 'सेल'! फोन केला, तर म्हणतो, "साईं, लाल में यही माल बढ़िया था!"

बदलून येईपर्यंत दोन दिवस तेच वापरले. ट्रॅफिक इतकं शहाण्यासारखं कधी थांबलं नव्हतं. एका काकूंनी तर स्कूटर स्टँडला लावली, "साड्यांचा आहे का हो?"

*

एकदा समोरून वरात आली. मी झेंडा दाखवला आणि नवरदेवाचा घोडा जागच्या जागी थांबला. नाचणारे मात्र थेट फोर्कलिफ्टसमोर! भोईरकाका इंजिन बंद करून उतरले आणि ओरडले, "एवढ्यांत शिकलेला एकटा घोडाच काय रे?"

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

भोईरकाका केमिकलचे ड्रम घेऊन रस्त्याच्या मधोमध. दोन्हीकडच्या गाड्या थांबलेल्या. तेवढ्यात बदलापूरकडून एक टँकर, थांबलेल्या गाड्यांना बगल देऊन, सुसाट! ड्रायव्हर खिडकीतून हात हलवतोय, "ब्रेक नहीं है! हटो!"

मी झेंडा जोरजोरात हलवला. ओरडलो, "काका, मागे! मागे घ्या!"

पुढे ड्रम, बाजूला थांबलेल्या गाड्या, काकांना काही दिसेना. पण त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मान वळवून मागे बघितलं, हॉर्न दाबला आणि फोर्कलिफ्ट सरळ मागे. टँकर हातभर अंतरावरून गेला आणि पुढच्या मातीच्या ढिगात घुसून थांबला. ड्रायव्हर धडधाकट! एक ड्रमसुद्धा हलला नव्हता.

मॅडम गेटमधून धावत आल्या. काकांचा अंगठा अजून हॉर्नवरच, हॉर्न चालूच!

मॅडमनी हळूच त्यांचा हात बाजूला केला. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मागे घेताना हॉर्न मारायचा असतो ना? बारा वर्षांत आज पयल्यांदा मारला!"

मॅडम तिथेच, रस्त्याच्या कडेला, मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.