चार वाजले की कुंदा नसायची

दुपारी चार वाजता आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडी असायची आणि एकच बंद व्हायचं, ते कुंदा परबचं. बंद करण्याआधी ती उंबऱ्यात उभी राहून सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं सांगायची, "मी आता नाय हां! कोण मेला तरच वाजवा!" मग आतून कडी लागायची. आम्ही बायका बाहेर लसूण सोलत, साड्यांना फॉल लावत बसलेल्या असायचो. साळवीवहिनी म्हणायच्या, "गेली महाराणी शेजघरात." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण ती कडी ऐकली की माझा टाका चुकायचा.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची चाळ होती, ती पाडून बिल्डिंग झाली. लिफ्ट आली, घरात संडास आला. दारं मात्र चाळीत होती तशीच उघडी राहिली. दिवसा दार लावलं म्हणजे एक तर घरात भांडण झालंय, नाही तर मटण शिजतंय आणि कोणाला द्यायचं नाहीये. अशा मजल्यावर कुंदाने रोज तासभर दार लावायला सुरुवात केली. वहिनींनी कारण विचारलं तेव्हा तिने ते भर पॅसेजमध्ये सांगितलं. "माझी पाळी जायची वेळ आली. अंगाची आग होते, डोकं फिरतं, उगाच सगळ्यांवर खेकसते. तासभर गप आडवी पडले की माणसात येते. त्यात लपवायचं काय?"

तिचा नवरा, परबभाऊ, तिथेच उभा होता. शरमेने माझी मान खाली गेली. भाऊ मात्र म्हणाले, "तो तास मला पण पावतो. संध्याकाळच्या शिव्या निम्म्या झाल्या." आणि कुंदा त्यांच्या पाठीत धपाटा घालून हसली.

कुंदा आणि मी एका वयाच्या. लग्न होऊन एकाच वर्षी चाळीत आलो. ती मालवणकडची, मी गुहागरकडची. ती दहावीपर्यंत शिकलेली, मी चौथीपर्यंत. तिची आग ती माझीही आग होती, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. फॉलला टाके घालता घालता एकदम मानेपासून वर वणवा पेटायचा, ब्लाउज पाठीला चिकटायचा. मी काही न बोलता मोरीत जायचे, मनगटं नळाखाली धरायचे आणि तोंड पुसून परत बसायचे. कुंदाचं तसं नव्हतं. "भट्टी पेटली गो!" असं ओरडत ती बाहेर यायची, कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घ्यायची. मग एक जण तिला खुर्ची द्यायची, एक जण पाणी आणायची. पाणी आणणारी पुष्कळदा मीच असायचे. माझ्या कानशिलांतून वाफा निघत असताना मी तिला माठातलं गार पाणी दिलेलं आहे.

तिचं दार बंद असताना परबभाऊ बाहेर स्टुलावर बसून चहा प्यायचे. चहा त्यांनीच केलेला असायचा. सकाळपाळी करून आलेला माणूस, पण "ती झोपली आहे" असं अगदी सहज सांगायचा. आमच्या ह्यांनी एकदा ते पाहिलं आणि घरात येऊन म्हणाले, "परबाला बायकोने बाहेर काढलाय. बघ कसं ध्यान बसलंय. चहा टाक गं जरा." मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर ते स्टूलच होतं. कुंदाची साडी, कुंदाचा रंग, कुंदाचा मुलगा नोकरीला लागला ते, या कशाकशाचा मी आधी हेवा केला होता. पण लाकडी स्टुलावर बसलेल्या माणसाचा हेवा वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

हळूहळू बायका तिच्याकडे जायला लागल्या. झोप लागत नाही, चिडचिड होते, पाळीच्या आधी रडू येतं. कुंदाचे उपाय साधे असायचे. संध्याकाळनंतर चहा बंद. धणे भिजवलेलं पाणी. जेवणात जवसाची चटणी. उन्हं उतरली की टेकडीच्या रस्त्याने चालून यायचं, आणि चालताना सासूचा विषय काढायचा नाही. झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत. "दुसरी खोली कुठे आहे आमच्याकडे?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "मग फ्रिजवर ठेव. थंय तरी गार पडांदे त्येका."

पण ती स्वतःला वैद्य समजत नव्हती. साळवीवहिनींच्या अंगावरून फार जायला लागलं, तेव्हा त्या दबक्या आवाजात तिला औषध मागायला गेल्या. कुंदा ताडकन उठली. "त्याला माझ्याकडे काय नाय. चप्पल घाला." त्यांना रिक्षात घालून ती दवाखान्यात घेऊन गेली, रांगेत उभी राहिली. वहिनींचं छोटं ऑपरेशन झालं. परत आल्यावर तिने सगळ्यांना बजावलं, "आधी डॉक्टर, मग माझा धण्याचा पाणी. उलटा केलात तर माझ्या दारात येव नकात." त्या दिवसापासून वहिनींनी महाराणी म्हणायचं सोडलं. आता तिला मनातल्या मनात महाराणी म्हणणारी मी एकटीच उरले.

मीही एकदा गेले होते. वाटी परत करायचं निमित्त केलं. आत दोघी-तिघी बसल्या होत्या, कोणाच्या हातात चटणीचा डबा, कोणाच्या पदरात जवस. माझ्या ओठांवर आलं होतं, मलाही दे काहीतरी. कुंदाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. "तू बस गो बाय. तुका काय व्हया ता तू सांगणस नाय. नुसती बस." सगळ्यांना औषध आणि मला खुर्ची! मी बसले नाही. घरी येऊन भाकरीचं पीठ असं मळलं की परात सरकत भिंतीला जाऊन टेकली.

आमची सायली एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. मंगळवारी तिला सुट्टी असते. त्या सुमाराला ती गप्प गप्प असायची. अंगाने सुटली होती, हनुवटीवर पुटकुळ्या. तिचे पॅड मीच आणून कपाटात ठेवते, ते तसेच पडून राहायला लागले. मला दिसत होतं. विचारायचं कसं, ते येत नव्हतं. माझ्या आईने मला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं बाजूला बसवलं होतं. आज विचारू, उद्या विचारू, असं करत मी तिच्या ताटात जास्त तूप वाढत राहिले.

एका मंगळवारी चार वाजून गेले होते. कुंदाची कडी लागलेली होती. मी गिऱ्हाइकाची साडी द्यायला खाली निघाले आणि तिच्या दारापाशी थांबले. दाराबाहेर सायलीच्या चपला होत्या. सोनेरी पट्ट्याच्या, मीच स्टेशनजवळून घेतलेल्या. ज्या दारावर वहिनींची टकटक चालत नव्हती, नवऱ्याचीसुद्धा चालत नव्हती, त्या दाराआड माझी मुलगी होती. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती खूप बोलत होती. इतकं ती आमच्या घरात महिन्यात बोलली नव्हती. स्टुलावरून परबभाऊ म्हणाले, "वहिनी, हाक मारू का?" मी मानेनेच नको म्हटलं आणि लिफ्ट सोडून जिन्याने उतरले.

मी जवस आणले. भाजले, तीळ-लसूण घालून चटणी कुटली आणि रात्री सायलीच्या ताटात वाढली. तिने बोटाने चाटून पाहिली.

"काकूची वेगळी लागते," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच सांगितलं, "आई, मी काकूबरोबर डॉक्टरकडे जाऊन आले. सोनोग्राफी केली. पीसीओडी म्हणतात त्याला. घाबरायचं नाहीये. गोळ्या दिल्यात, चालायला सांगितलंय, वेळेवर झोपायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे काय बोलतेस गं आई."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधंच म्हणाली. डॉक्टरने "आई कुठे आहे" विचारलं असेल, तेव्हा कुंदा काय म्हणाली असेल, हे मी रात्रभर मनात घोळवत राहिले.

पुढच्या मंगळवारी सायली भाजी आणायला गेली होती. हे कामावर होते. चार वाजले, पलीकडे कुंदाची कडी लागली, आणि माझ्यात काय संचारलं कोण जाणे, मी उठून माझं दार लावलं. आतून कडी घातली आणि फरशीवर आडवी झाले. फरशी गार होती. वर पंखा फिरत होता. आता बघा म्हटलं, मी पण नाहीये.

पाच मिनिटंही झाली नसतील. आधी टकटक, मग धपाधपा. "अगं, काय झालं? गॅस तर नाही ना सुटला? दार उघड गं!" साळवीवहिनींचा आवाज, वरच्या मजल्यावरच्या कोणाचा तरी, मग खाली वॉचमनला बोलवा असा पुकारा. कुंदा दार लावते तेव्हा कोणी हलत नाही, आणि मी लावलं तर जगबुडी. ओरडून सांगायला मला शब्द सुचेनात. उठवेना पण. मी तशीच पडून रडायला लागले.

मग पलीकडची कडी निघाल्याचा आवाज आला. आपल्या तासात कुंदा बाहेर आली होती. ती माझ्या दाराला तोंड लावून हळू म्हणाली, "बाय, बरी आहेस ना? बरी असशील तर एक टिचकी मार." मी सरपटत जाऊन दारावर टिचकी मारली. ती लगेच पॅसेजकडे वळून कडाडली, "ती आता नाय! कळला? पाच वाजता येतली. जावा आपापल्या घराक!" मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. माझ्या दाराला पाठ लावून कुंदा राखणीला बसली.

खरं सांगते, तेव्हासुद्धा मला वाटलं, बघ, माझ्या दाराबाहेरही हीच मोठी.

थोड्या वेळाने सायलीची चाहूल लागली, पिशवी टेकवल्याची. "आई कुठेय?"

"नाय हा."

"म्हणजे? मला आत तर जाऊ दे."

"ता मी कोण सांगूची? तिचा दार, ती बघतली. विचार तिका."

सायलीने नखाने दारावर अगदी हळू खरवडलं. "आई, मी येऊ?"

मी कडी काढली. तिने माझे डोळे पाहिले, आत आली, आणि कडी परत लावली. फरशीवर माझ्या शेजारी आडवी झाली. आम्ही दोघी पंख्याकडे बघत होतो. तेवढ्यात मला वणवा आला. लपवायला मोरी लांब होती. ब्लाउज भिजला, कपाळ डबडबलं. सायली कोपरावर उठून बघत राहिली. "आई, तुला पण होतं हे? कधीपासून?" ओढणीने ती माझी मान पुसायला लागली. मग मी बोलले. फार नाही, पण बोलले. आणि कपाटातल्या पॅडबद्दल विचारलं. "तुला दिसलं होतं?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे कुंदा गावी गेली. सासू अंथरुणाला खिळली, करायला दुसरं कोणी नव्हतं. निघताना तिने ते स्टूल आमच्या दारात आणून ठेवलं. "ह्याच्यावर कोणाक तरी बसव," म्हणाली. आमचे हे अजून त्यावर बसलेले नाहीत, पण चार वाजता घरी असले तर टीव्हीचा आवाज बारीक करतात. मजल्याला आता सवय झाली आहे. दाराबाहेर सायलीच्या सोनेरी चपला दिसल्या की मंगळवार आहे हे सगळ्यांना कळतं.

कुंदाचा फोन सायलीला यायचा. दोघी खिदळायच्या, आणि मी भांडी मोठ्याने आपटायचे. एका मंगळवारी तो चार वाजता आला. सायली म्हणाली, "काकू, आई आत्ता नाहीये हां." पलीकडून कुंदा म्हणाली, "नशीबवान गो तुझी आवस. हय माका दार लावूक गावणा नाय. पुढला दार उघडा, मागला दार उघडा, दिवसभर माणसा येतत म्हातारेक बघूक. जरा आडवी झालंय की हाक."

फोन स्पीकरवर होता. कुंदा माझा हेवा करत होती! आधी मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग तिचा घसा बसलेला जाणवला. भट्टी पेटल्याचं ती कोणाला सांगत असेल तिथे? मी सायलीच्या हातून फोन घेतला. "कुंदा, चार वाजता तू मला फोन लाव. घरात सांग, मुंबईचा फोन आहे, मध्ये बोलू नका. आणि आडवी पड."

"बोलायचा काय पण? तू तर बोलणस नाय."

"म्हणूनच सांगते. काही बोलायचं नाही."

आता चार वाजता मी कडी लावते. फोन उशाशी ठेवते. पलीकडे कोणीतरी काही विचारतं, कुंदा म्हणते, "श्श, मुंबयचो फोन हा," आणि मग पावलं लांब जातात. मी काही बोलत नाही, ती काही बोलत नाही. माडांतल्या वाऱ्याचा आवाज येतो, इकडून तिला माझा पंखा ऐकू जात असेल.

आणि माझे डोळे मिटायच्या आत तिचं घोरणं सुरू होतं. रोज. यातसुद्धा मेली माझ्या पुढेच.