कव्हरवरची बाई

बेरिल थ्रेलफॉलने जन्म इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या सूतगिरणीत घालवला. गाण्याबजावण्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तरी तिचं आ वासलेलं तोंड जगभरच्या भिंतींवर लटकतंय.

एकाहत्तर साली तिचा नवरा विल्फ गेला. छातीत गिरणीचा कापूस साठून. पुढच्या खोलीत शवपेटी, शेजाऱ्यांनी मयताचा मान म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले, आणि शववाहिनी मात्र गल्लीच्या तोंडाशी अडकलेली. कारण दारासमोर चार केसाळ पोरं व्हॅन आडवी लावून आपले फोटो काढून घेत होती. बेरिल उंबऱ्यावर येऊन किंचाळली, "मेल्यांनो, गाडी काढा! माझ्या माणसाला न्यायचंय!" कॅमेरावाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

त्या पोरांच्या 'टिन शेफर्ड्स' या बँडला तोवर कुत्रं विचारत नव्हतं. तो फोटो लावलेली रेकॉर्ड आली आणि पोरांचं नशीब फळफळलं. कव्हरवर काळ्या कपड्यातली बेरिल आणि वर नाव: 'कैदाशीण'. गल्लीतली कार्टी तिला पाहून तोंड वासायची. एकदा रेकॉर्डच्या दुकानात जाऊन तिने सगळी कव्हरं पालथी घातली, तर मालकाने तिलाच बाहेर काढलं.

म्हातारपणी जुन्या रेकॉर्डांना पुन्हा भाव आला. बाजारातल्या दुकानात बँडचा गायक क्लाइव्ह रज सह्या करायला येणार होता. शेजारीण जॉइस म्हणाली, "नको जाऊस गं, रक्तदाब वाढेल."

"वाढू दे. त्याचाही वाढवून येते."

क्लाइव्हने तिला ओळखलं. "अरे, आमची कैदाशीण! मावशी, तुमच्यामुळेच आम्ही वर आलो हो!"

"हात लावू नकोस. मी का ओरडत होते, सांग."

"गाणी आवडली नसतील. मी मुलाखतीत तेच सांगतो."

"आत माझा नवरा पेटीत होता. तुमची गाडी दारात होती."

क्लाइव्हचा चेहरा पडला. "मला माहीत नव्हतं."

"विचारलंस कधी? दार तर समोरच होतं! आता सांग या रांगेतल्या सगळ्यांना. मोठ्याने."

त्याने उभं राहून सांगितलं. आणि रांगेने चक्क टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "काय भारी किस्सा आहे!"

बेरिलच्या अंगाचा तिळपापड झाला. "मयताला टाळ्या वाजवता? आयांनी हेच शिकवलं?"

क्लाइव्ह पुटपुटला, "रेकॉर्डची नवी आवृत्ती येतेय, तिच्यात तुमच्या नवऱ्याचं नाव छापू."

"तुझ्या कैदाशिणीखाली माझ्या विल्फचं नाव? खबरदार! माझं तोंड काढ त्यावरून."

"हक्क कंपनीचे आहेत, मावशी."

"म्हणजे माझ्या तोंडावर हक्क सगळ्यांचा, फक्त माझा नाही!"

ती तडक निघाली. दुकानदारणीने दर्शनी काचेतलं मोठं कव्हर उतरवलं. तेवढंच.

नवी आवृत्ती त्याच तोंडानिशी आली. हल्ली कव्हर घेऊन सही मागायला लोक दारात येतात. बेरिल त्यांना दफनभूमीचा रस्ता दाखवते. "आधी विल्फला भेटून या, मग बोला." बरेचजण तिथूनच परस्पर घरी जातात.