आग न लावता

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आखातात, दोहा शहराच्या सोनारबाजारात हुपरीचा एक कारागीर बसायचा. आम्ही तिथल्या फरीज बिन ओमरान या वस्तीत राहायला आल्यापासून माझे दागिने त्याच्याकडेच जायचे. हातात काम असलं की तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा, आणि बोलायचं झालं तर आधी डोळ्याचं भिंग काढून ठेवायचा.

एकदा शेजारची इंग्रज बाई आजीकडून आलेला ब्रोच घेऊन माझ्याबरोबर आली. तिच्या देशात तेराशे वर्षांपूर्वी घडवलेला. सोन्याच्या बारीक बारीक घरांत तामड्याचे लालभडक खडे. मागची पिन तुटली होती, ती आगीवर डाख देऊन जोडून हवी होती.

त्याने खूप वेळ पाहिलं. मग भिंग काढलं आणि पेटवलेला दिवा विझवला.

“वहिनी, एकेका खड्याखाली नक्षी उठवलेला सोन्याचा पत्रा हाय. त्यामुळंच लाल रंग असा चमकतोय. आग लावली तर खडं तडकतील. मी न्हाई लावणार.”

“जबाबदारी माझी,” बाई म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं.

“न्हाई. त्यांना म्हणावं, आठ दिवस द्या.”

आठ दिवसांनी ब्रोच चांदीच्या नाजूक चौकटीत बसला होता. पिन चौकटीला होती. जुन्या सोन्याला आच नाही, ओरखडा नाही. बाईचे डोळे भरून आले. “चांदीवर तुमचं नाव कोरा,” ती म्हणाली.

“मी भिंगातून सगळीकडं बघितलं, वहिनी,” तो हळूच म्हणाला. “ज्या माणसानं हा घडवला, त्यानं कुठंच नाव घातलं न्हाई. मग मी कसं घालू?”