जाड ऑइल

गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणायचे, आणि वहिनीच्या नादी लागू नये हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गॅरेज तिच्या नवऱ्याने उभं केलेलं. तो गेल्यावर लोक म्हणाले, आता शिवणयंत्र घे. तिने पाना घेतला. शटरवर नाव मात्र धाकट्या दिराचं लागलं, आणि "वहिनी, तुम्ही इथे माझ्या शब्दावर आहात," हे तो आल्यागेल्यासमोर ऐकवायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या सकाळी नर्सबाईंची जुनी गाडी आली. बाई डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणं करत फिरायच्या. चढाला खालून टकटक येते, गाडी उभी असली की ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो, असं त्यांनी सांगितलं.

"जाड ऑइल टाकू, आवाज बंद," दीर म्हणाला.

वहिनीने लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि ऐकलं. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, भावोजी. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग ऑइलवाचून कोरडं पडतंय. आज आवाज दाबाल, उद्या घाटात रॉड इंजिन फोडून बाहेर येईल. खालचं चेंबर खोलायचं."

"खोलून काही निघालं नाही, तर उद्यापासून यायचं नाही."

"चालेल," ती म्हणाली, आणि गाडीखाली शिरली. या गॅरेजाशिवाय तिला दुसरं होतं काय? तरी तिने चेंबरचे बोल्ट एकेक करून सोडवले.

बेरिंग निघालं. वरचा रुपेरी थर झिजून तांबं दिसायला लागलं होतं. तिने क्रँकवर, बेरिंगात फिरणाऱ्या दांड्यावर, नख फिरवलं. गुळगुळीत. थोडक्यात वाचलं होतं. पण ऑइल अडलं कुठे? तिने ऑइल पंपाची जाळी काढली. जाळीवर काळ्या रबरी दोऱ्यांचं जाळं बसलेलं. चेंबर चिकटवायची पेस्ट. बोटभर लावायची तिथे कुणीतरी मूठभर थापली होती. जास्तीची आत दबून, सुटून, जाळीत अडकली.

या गाडीचं चेंबर याआधी इथेच उघडलं होतं, आणि असं थापणं गॅरेजात एकट्या दिराचं. ऑइल गळू नये म्हणून, आणि कुणाचं ऐकायचं नाही म्हणून.

"हे कशाने झालं?" नर्सबाईंनी विचारलं. दिराने वहिनीकडे पाहिलं. घरची गोष्ट घरात ठेवा, असं ते पाहणं होतं.

"आमच्याच गॅरेजात झालं," वहिनी म्हणाली. "भावोजींच्या हातून. दुरुस्ती आमच्याकडून."

जाळी साफ झाली, सगळी बेरिंगं नवी बसली, प्रत्येकाला तिने बोटाने ऑइल चोपडलं. मग ऑइल सगळीकडे पोचेपर्यंत इंजिन पेटू नये म्हणून स्पार्कच्या वायरी काढून नुसताच स्टार्टर फिरवत राहिली. लाल दिवा विझला, तेव्हाच वायरी जोडल्या. इंजिन सुरू झालं, टकटक नव्हती. नर्सबाई डोंगराकडे निघून गेल्या.

दिराचा चेहरा लाल झाला होता. "चारचौघांत माझी अब्रू काढलीत. बेरिंग निघो नाहीतर न निघो, उद्यापासून येऊ नका."

वहिनीने पाना पुसून जागेवर ठेवला.

"येणार. सकाळी पहिली तुमचीच गाडी घेते, भावोजी. जाऊबाई आणि पोरं तिच्यातून फिरतात. तिचंही चेंबर तुम्हीच चिकटवलंय."

दीर कोपऱ्यातल्या आपल्या गाडीकडे बघत राहिला. मग खिशातून तिची चावी काढून त्याने वहिनीच्या टेबलावर ठेवली.