वन्संचा लसूण

२४ जानेवारी, बुधवार. सकाळी बोचरी थंडी. गॅसचे सिलिंडर बदलले. पडद्यांचे कापड दुकानात परत केले, पहिल्याच धुण्यात रंग गेला. दुपारी वन्संच्या ब्लाउजवर पिवळट डाग दिसला. विचारले तर म्हणाल्या, "मेणबत्ती सांडली."

आमच्या घरात मेणबत्ती नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केले नाही. यजमान गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात त्या कोटांना बटणांची काजे करतात, सगळी हातची. दुकानाचे मास्तर त्यांच्यामागे सांगतात, "कोट फाटेल, पण ताईंचं काज उसवायचं नाही." तोंडावर मात्र चिडवतात. "या लसूणताई! गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून कोट नेतं, पण नेतं बरं का."

वन्सं मान वर न करता म्हणतात, "तुमच्या सिगारेटीपेक्षा बरा वास आहे मास्तर."

हा लसूण हौसेचा नव्हे. त्यांची आई कॅन्सरने गेली, मागोमाग थोरली बहीण. दोघींच्या उशाशी वन्संच बसल्या होत्या. पुढे कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी वाचले, की लसूण अंगातली प्रतिकारशक्ती जागी ठेवतो आणि कॅन्सरला लांब ठेवतो. झाले. तेव्हापासून रोज चहाच्या आधी दोन पाकळ्या ठेचायच्या, बशी उपडी घालून दहा मिनिटे झाकायच्या आणि मग पाण्याबरोबर गिळायच्या. ठेचल्याठेचल्या खाल्ला तर त्यातले औषध तयारच होत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्या वेळात त्या दिवसभराच्या सुयांत दोरे ओवून घेत. मलाही आग्रह व्हायचा. "वहिनी, एक तरी घ्या."

"तुम्हीच घ्या वन्सं. एका घरात लसणाची एक बरणी पुरे."

मेणबत्तीचे ते उत्तर मात्र त्या दिवशी मी ऐकून घेतले नाही. खोलीचे दार लोटले आणि त्यांना ब्लाउज काढायला लावला. डाव्या स्तनावर कापडाची घडी बांधलेली होती. घडीत ठेचलेला लसूण. खालची कातडी लालभडक, फोड फुटून पाणी सुटलेले. आणि फोडांच्या कडेला, बोटाला सहज लागेल अशी, गाठ.

"कधीपासून?"

"परवा बांधला."

"मी गाठीचं विचारतेय."

"उन्हाळ्यापासून असेल."

त्या शिवणातली चूक समजावून सांगावी तशा बोलत होत्या. "इतकी वर्षं खाल्ला वहिनी, तरी आली. म्हणजे पोटातून तिथवर पोचत नसणार. म्हटलं, वरूनच लावावा."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"आई गेली डॉक्टरकडे. ताई गेली. त्यातलं कोण राहिलं?"

मी त्यांची चप्पल आणून पायाशी ठेवली.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी आधी भाजलेल्या जागेला मलम लावले, मग सुई घालून गाठीतला तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने अहवाल आला. कॅन्सरच होता. गाठ अजून लहान आहे, काढता येईल, पण आधी भाजलेली कातडी भरली पाहिजे, असे त्या म्हणाल्या. म्हणजे लसणानेच आमचे दिवस खाल्ले.

वन्संनी एकच विचारले, "मग लसूण खोटा?"

"खोटा नाही. प्रयोगशाळेत त्याचा परिणाम दिसतो. लसूण खाणाऱ्यांत काही कॅन्सर थोडे कमी आढळले, असं काही अभ्यास सांगतात, काही नाही सांगत. पण खाल्ला म्हणून होणारच नाही, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि झालेल्या गाठीवर ते औषध नव्हे." मग त्यांनी पेन खाली ठेवले. "ऑपरेशनच्या आधी आठवडाभर कच्चा लसूण पूर्ण बंद. रक्त लवकर थांबत नाही. खाल्लेला कळला तर मी तारीख पुढे ढकलीन."

रस्त्यात वन्संनी माझा दंड घट्ट धरला. "आठवडाभर मोकळं रान मिळालं वहिनी गाठीला. त्यात पसरली म्हणजे?"

कातडी भरली, तारीख ठरली. तिच्या आधीचा तो आठवडा मी कानांनी काढला. स्वयंपाकघरात भांडे हलले तरी उठून बघत होते. घरातला लसूण मी मास्तरांकडे नेऊन दिला. त्यांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावले.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मला त्या वासानेच जाग आली. वन्सं ओट्याशी उभ्या. समोर उपडी बशी.

"कुठून आणलात?"

"शेजारून मागितला."

"खाल्लात?"

"अजून नाही. दहा मिनिटं व्हायचीत."

मी खुर्ची ओढून बसले. हिसकावून घ्यावा, तर पुन्हा शेजार आहेच. त्यांनी सुया काढल्या, पण दोरा भोकात जाईना.

"भीती वाटते वहिनी."

"मलाही वाटते."

मग मला काय सुचले कोण जाणे. बशी उचलली आणि तो गोळा मीच तोंडात टाकला. जीभ पेटली, डोळ्यांतून पाणी आले.

"अहो, वेळ नव्हती झाली! फुकट गेला," वन्सं म्हणाल्या आणि हसू लागल्या. हसता हसता ओट्याला धरून खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. मी शेजारी बसले. त्यांचा हात धरला.

त्यांनी पुन्हा लसूण मागितला नाही. संध्याकाळी मी एका पिशवीत त्यांचे टॉवेल, कंगवा आणि दोन गाऊन भरले. ऑपरेशनात काय निघेल, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. पिशवी दाराशी ठेवली आणि मी टेबलाशी येऊन लिहिले:

२१ फेब्रुवारी, बुधवार. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटरच टाकायला सांगितले.