कोंबडीबाईंच्या घरी: फलटण ते माधवनगर, पोटात गोळा घेऊन

शनिवारी सकाळी सातला गाडीला किक मारली. सांगलीला जायचं म्हणलं की लोकांना भडंग आठवतो. मला मावशी आठवत हुत्या. मावशी म्हंजे माझ्या ताईच्या सासूबाई, राहणार माधवनगर.

आदी भानगड सांगतो. मी फलटणजवळच्या गावात राहतो. दहावी दोन झटक्यात काढली आन आता फ्लेक्सच्या दुकानात कामाला हाय. वाढदिवसाच्या बोर्डावर भाऊंच्या फोटोखाली ज्या यमकाच्या ओळी असत्यात, त्या मी जुळवतो. जत्रंच्या नाटकात इनोदी काम बी माझ्याचकडं. तर ताईची पोरगी चिमी तीन वर्षांची झाली, म्हणून मी तिला भेट द्यायला चित्रांचं पुस्तक केलं. बारा पानं, लॅमिनेशन, स्पायरल, समदं दुकानातच. नाव ‘आमच्या घरातला प्राणीबाजार’. घरातलं एकेक माणूस म्हंजे एकेक जनावर. मावशींचं पान असं:

कोंबडीबाई, कोंबडीबाई, पहाटं पहाटं करता काय?
कुलूप लावून मोजत बसते दुधावरली जाड साय!

ताईचे सासरे आण्णा मिलिटरीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांचा केला बोका:

बोका आमचा हवालदार, खुर्चीत देतो पहारा,
घोरतो असा की गल्लीत वाजतोय जणू नगारा!

दाजींचं हापिसाला निघालेलं कासव केलं. शेवटचं पान उरलं, तिथं ताईचा पोपट बसवला. पुस्तक कुरिअरनं धाडलं, दोन दिवस एकटाच हसलो आन इसरलो.

पंधरा दिवसांनी दाजींचा फोन. "शनिवारी ये. आईला तुझ्याशी बोलायचंय. पुस्तकावरनं." खलास, फोन कट. ताईला लावला तर उचलंना. नुसता मेसेज आला, "ये."

आमची आई चुलीपुढनंच बोलली, "तू हसवून मोकळा झालास. तिला तिथं जलम काढायचाय, बाळ्या."

हे वाक्य डोक्यात घेऊन गाडी चालवायची म्हंजे काय असतंय, ते हेल्मेटला माहीत.

रस्त्याचं सांगतो, कुणाला जायचं असंल तर. फलटणवरनं सांगलीला जवळचा रस्ता दहिवडी, विटा, तासगाव. मी लांबचा घेतला, साताऱ्यावरनं. पोचायची घाई कुणाला हुती? साताऱ्यात अर्धा किलो कंदी पेढे घेतले. दुकानदारानं इचारलं, "काय पास झालास का?" म्हणलं, "निकाल लागायचाय." पुढं हायवेला काम चालू हाय, डायव्हर्जन लय, धुरळा त्याहून लय, रुमाल बांधूनच जावा. कराडात मिसळ खाल्ली. झणझणीत हुती म्हणत्यात, मला चव कळली न्हाई. पेठ नाक्यावर हायवे सोडून आत वळायचं, मग आष्टा, मग सांगली. दोन्ही अंगाला ऊस. एरवी मी असल्या रस्त्याला गाणी म्हणत जातो. ह्या टायमाला माफीची भाषणं पाठ करत हुतो. "मावशी, कोंबडी लय कष्टाळू असती बगा." आयर्विन पुलावर गाडी लावून कृष्णेकडं बघत दहा मिनटं उभा राहिलो. जाताना-येताना मिळून साडेचारशेचं पेट्रोल लागलं.

माधवनगरात मावशी दारातच उभ्या. "या, बाळासाहेब."

आजवर मला ‘ए बाळ्या’ म्हणणारी बाई बाळासाहेब म्हणायला लागली तवाच मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. पोहे आले, चहा आला. आण्णांनी कराडचं डायव्हर्जन कुठनं कुठवर हाय ते नकाशा काढल्यागत इचारून घेतलं. पुस्तकाचं कोण नाव काढंना. ताई आतबाहेर करत हुती, माझ्याकडं बघत नव्हती. तेवढ्यात चिमी पुस्तक घेऊन पळत आली. कोपरे चावलेले, पानांवर वरणाचे डाग. ती मावशींच्या मांडीवर चढली आन बोट लावून वरडली, "आजी, कोंबडीबाई!"

मी पोह्यातले शेंगदाणे मोजाय लागलो.

आण्णा मिशी कुरवाळत म्हणाले, "माझी मिशी बारीक काढलीस रं. नगाऱ्याचं ठीक हाय."

मावशी म्हणाल्या, "पोहे संपव. उद्या दुपारच्या नाटकाची तिकिटं काढल्यात. समदे जाऊ. मग बोलू."

म्हंजे अजून एक दिवस. ती रात्र कशी गेली ते इचारू नगा.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणत्यात, ते उगं न्हाई. रविवारी भर दुपारी हाऊसफुल्ल. बायका गजरे घालून, म्हातारी माणसं काठ्या घेऊन. तिकीट अडीचशे, वरच्या माळ्यावर दीडशे. वरनं बी बरं दिसतं, पैसे वाचवा. नाटक फार्सिकल, सासूचंच. स्टेजवरली सासू सुनेच्या डब्यातल्या चपात्या मोजायची. बापरे, म्हणलं, आज मरतो मी. बाजूला तिरक्या डोळ्यांनी बघितलं तर मावशी पदर तोंडात कोंबून हसाय लागलेल्या, डोळ्यातनं पाणी. आण्णांच्या मांडीवर थापा मारत हुत्या. आन ताई? ताई नुसती बसलेली. गावाकडं हिच्यासारखी नकला करणारी कोण नव्हती. मास्तरांची नक्कल मला हिनंच शिकवली. जत्रंच्या नाटकात ही हसली की पुढल्या रांगंतलं लोक वळून बघायचं. इथं तोंडावर रेघ हलंना.

मध्यंतरात दाजी बटाटेवडे आणाय गेले. मावशींनी मला खांबाआड घेतलं. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "मावशी, कोंबडी लय कष्टाळू..."

"गप रं. कोंबडीचं मला काय बी वाटलं न्हाई. माझ्या सासूला आमी घार म्हणायचो, ते बी न्हाणीत, कडी लावून. तू छापून तरी दिलंस."

"मग बोलावलं कशाला?"

त्यांनी हिकडंतिकडं बघितलं. "तो पोपट. काय लिवलंयस तू?"

मला पाठ हुतं.

पोपट माझा हिरवागार, पिंजऱ्यात बसलाय ऐटीत छान,
काय बी इचारा, म्हणतो ‘व्हय आई’ आन हलवतो नुसती मान!

"ते वाचल्यापास्नं ती माझ्याशी धड बोलत न्हाई," मावशी म्हणाल्या. "आदी काय बी म्हणलं की व्हय आई. आता गपच. खरं सांग, तिनं तुला काय सांगितलंय? मी काय पिंजऱ्यात घातलंय व्हय तिला?"

तवा कळलं, भ्यालेला मी एकटा नव्हतो.

"आईशप्पत न्हाई, मावशी. पान उरलं हुतं, म्हणून भरलं. यमक छान-मान जुळलं, म्हणून ठेवलं."

त्यांचा इश्वास बसला का न्हाई, कळलं न्हाई. तेवढ्यात वडे आले.

नाटक सुटल्यावर मावशी-आण्णा घरी गेले, दाजी चिमीला गणपतीच्या देवळात घेऊन गेले आन आमी दोघं बहीणभाऊ घाटावर बसलो. भेळ घेतली, तीस रुपये, कैरी जास्त मागा. ताईनं एक घास बी खाल्ला न्हाई.

"ताई, चुकलं. ते पान बदलतो. मोर करतो तुला, पिसारा बिसारा."

"कशाला? मोर झाले व्हय मी?"

"मग हसण्यावारी ने की."

"खोटं असतं तर नेलं असतं रं." ती पाण्याकडं बघत म्हणाली. "आण्णांना पहारा दिलास, आईंना साय दिलीस, ह्यांना निदान हापिसाला धाडलंस. मला काय, तर मान हलवायची. वाचलं आन मोजलं. एका दिवसात एकवीस वेळा व्हय आई म्हणले. चिमी बी आता तसंच करती, मान हलवून. म्हणून गप बसले. पण गप बसून बी काय हुतंय?"

मी भेळंतली कैरी येचून तिच्यापुढं ठेवली.

सोमवारी सकाळी निघालो. मावशींनी भडंगाची पिशवी दिली. मी किक मारणार तवर ताई आतनं आली, खांद्याला बॅग, कडेवर चिमी.

"आई, मी चार दिवस माहेराला जाते. याच्यासंगं."

मावशी म्हणाल्या, "अशी एकाएकी? आन चार कशाला? दोन पुरं की."

"न्हाई आई. चार."

आण्णा पेपराआड गेले. दाजींनी चपलेचा अंगठा तपासला. मावशी माझ्याकडं बघत हुत्या, ताईकडं न्हाई. मग आत गेल्या.

येताना जवळचा रस्ता धरला. चिमी टाकीवर, ताई मागं, बॅग दोघांच्या मधी. तासगाव, विटा, दहिवडी, रस्ता बरा हाय, मधीमधी खड्डे. चाळीसच्या वर गाडी न्हेली न्हाई. विट्याला उसाचा रस प्यालो, दहिवडीला भाकरी-पिठलं, ऐंशीला ताट, पोटभर. पण माझं समदं ध्यान पाठीला टेकलेल्या बॅगंत. चार दिवसांची हाय का जास्तीची, वजनावरनं कळंना. इचारायचं धाडस झालं न्हाई. आईनं दारात ताईला बघितलं आन मला डोळ्यांनीच इचारलं, "काय करून आलास?" मी गाडी पुसाय लागलो.

तीन दिवस माधवनगरचा फोन न्हाई. आई देवापुढं दोनदा दिवा लावायची. मी दुकानात एका भाऊंच्या बोर्डावर चार ओळी लिवल्या आन खोडल्या, परत लिवल्या, परत खोडल्या. मालक म्हणाला, "आजारी हायस का?" ताई मातुर घरात मोकळी हिंडत हुती. चौथ्या दिवशी दुपारी तिनं चिमीची रंगपेटी घेतली आन एक पान काढलं. शेपटीवालं माकड, फ्लेक्सच्या दुकानातला टी-शर्ट घातलेलं. खाली लिवलं:

माकड बसलं शेंड्यावर, जगाला वाकुल्या दावतं,
कुणी नुसतं ‘खाली ये’ म्हणलं, की आईमागं धावतं!

वाचून दाखवताना तिनं माझी चाल केली, खांदे पाडून. आई हसली, शेजारची काकू हसली, चिमी तर लोळली. मी बी हसलो. पण ते आत कुठंतरी बसलं, अजून बसलंय. असं असतंय व्हय हे? मी आजवर किती जणांना बोर्डावर चढवलंय.

पाचव्या दिवशी ती चिमीला घेऊन एस्टीनं गेली. मी सोडतो म्हणलं तर नको म्हणाली. दुपारपास्नं आमी दोघं मायलेक फोनकडं बघत बसलो. संध्याकाळी पाचला वाजला.

"पोचले," ताई म्हणाली.

"मावशी काय म्हणल्या?"

"म्हणल्या, पाच दिवस झाले. मी म्हणले, चारच. प्रवासाचा दिवस धरायचा नसतो."

"मग?"

"मग बसल्या गप. मी बी बसले."

"आन मग?"

"मग चहा टाकला."

"तू?"

"न्हाई रं," ताई म्हणाली. "त्यांनी."